घरोघरी जाणारे पत्र
टपालाने माल विकू इच्छिणाऱ्या ज्ञातिबांधवांस चार व्यवहाराच्या गोष्टी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात उद्योगी सभासदांपुढे केलेले भाषण)



उद्योगधंद्याची थोरवी सांगणारी भाषणे या व्यासपीठावरून पुष्कळ झाली आहेत आणि आपल्या तरुणांनी नोकरीच्या मागे न लागता स्वतंत्र व्यवसाय करावा, हा उपदेशही आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. तो उपदेश योग्यच आहे. परंतु माल तयार झाल्यावर तो गिऱ्हाइकापर्यंत न्यावा कसा, या प्रश्नापाशी आपले बहुतेक लहान उद्योग अडतात. भांडवल थोडे, दुकान नाही आणि वर्तमानपत्रातील जाहिरातीचा दर परवडत नाही. अशा स्थितीत टपालाने थेट गिऱ्हाइकाच्या घरी जाणारे एक पाकीट कोणती कामगिरी करू शकते आणि ते पाकीट कसे तयार करावे, एवढाच मर्यादित विषय आम्ही आज घेतला आहे.

प्रथम आपल्या घरातलेच उदाहरण पाहू. आपल्या मंडळाच्या कोणत्याही वर्षाच्या स्मरणिकेची पाने चाळावीत. तेथे सभासदांच्या दुकानांच्या व कारखान्यांच्या जाहिराती दिसतात. बहुतेकांत मजकूर एकच असतो : वर हार्दिक शुभेच्छा, खाली दुकानाचे नाव आणि दूरध्वनीचा क्रमांक. काही बंधू तर 'एक हितचिंतक' एवढेच छापून पानाचे पैसे देतात. त्यांच्या औदार्याबद्दल मंडळ त्यांचे ऋणी आहे. तथापि ही देणगी झाली, जाहिरात नव्हे. कारण वाचकाने नेमके काय मागवावे, कोठे मागवावे आणि आजच का मागवावे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तेथे नसते. उलट, टपालाने विक्री करणाऱ्याचे पत्र वाचकापाशी एक निश्चित मागणे करते आणि त्याचे उत्तर मागते. उत्तर आले की नाही, हे मोजताही येते. सामान्य जाहिरात आणि थेट टपाल यांतील मुख्य भेद हाच होय.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत शिकागो येथे एरन माँटगोमेरी वॉर्ड या गृहस्थाने १८७२ साली मालाच्या किमतींची एक यादी एका कागदावर छापून खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांस पाठविली. मधले अडते टाळून माल सरळ शेतकऱ्यास द्यावयाचा, ही त्याची योजना होती. पण न पाहिलेल्या दुकानदारावर विश्वास ठेवणार कोण? म्हणून १८७५ साली त्याने हमी जाहीर केली की, माल पसंत न पडल्यास पैसे परत मिळतील. पुढे सीअर्स, रोबक आणि कंपनी याच वाटेने गेली आणि तिची जाडजूड मालसूची पाऊणशे वर्षांहून अधिक काळ अमेरिकन घरांत वाचली गेली. वॉर्डची मालसूची १९८५ साली आणि सीअर्सची मोठी मालसूची १९९३ साली बंद झाली. एवढ्या दीर्घ काळात लक्षावधी लोकांनी न पाहिलेला माल मागविला, तो त्या हमीच्या बळावर.

आपल्या देशातही या व्यापाराची सोय जुनी आहे. एका पैशाचे पोस्टकार्ड भारतात १८७९ साली आले. त्यापूर्वीच, १८७७ साली, मूल्यदेय टपालाची, म्हणजे आपल्या परिचयाच्या व्ही. पी.ची, पद्धत सुरू झाली होती. पोस्टमनने पार्सल द्यावे, किंमत घ्यावी आणि ती विक्रेत्यास पोचती व्हावी, अशी ही योजना. पुस्तके, औषधे, बियाणे, घड्याळे या मार्गाने गावोगावी गेली. 'व्ही. पी. सोडवून घेणे' हा शब्दप्रयोग आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजूनही आहे, आणि 'व्ही. पी. परत आली' या शब्दांतील दुःख ज्यांनी सोसले, त्यांस ते वेगळे सांगावयास नको.

आता कोणी विचारील की, आज प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी असताना आणि व्हॉट्सॲपवर क्षणात शेकडो जणांस निरोप जात असताना, कागदाच्या पत्राचा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. निरोप फुकट जातो हे खरे. पण फुकट जातो म्हणूनच तो सर्वांकडून येतो आणि शुभप्रभातीच्या फुलांखाली दडपून जातो. कागदाचे पत्र हाती घ्यावे लागते. ते टेबलावर राहते, दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकते, सासूबाईंनी वाचले तर सूनबाईंस दाखविले जाते. अर्थात पत्रास खर्च येतो, आणि खर्च येतो म्हणूनच ते विचारपूर्वक पाठवावे लागते. दोन्ही साधनांचा मेळ घालावा, हे उत्तम.

विषय हवेत राहू नये म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवू. समजा, आपल्यातील एक भगिनी घरी चकलीची भाजणी करते. हाताला चव आहे आणि ओळखीचे लोक नावाजतात. पतीच्या पश्चात दोन मुलांचे शिक्षण याच उद्योगावर चालले आहे. तिच्यापाशी साठविलेले आठ हजार रुपये आहेत. या दिवाळीपूर्वी पाचशे घरी पत्रे धाडावीत, असे तिच्या मनात आहे. मोठ्या कंपनीची पाच लाख पत्रे वाया गेली तर एका अधिकाऱ्यास जाब द्यावा लागेल; या भगिनीची पाचशे वाया गेली तर मुलांची फी अडेल. म्हणून पुढील सर्व विचार तिच्या आठ हजार रुपयांवर दृष्टी ठेवून करावयाचा आहे.

पाकिटाचा विचार निघाला की आपले लक्ष आधी छपाईकडे, रंगांकडे आणि चित्रांकडे जाते. येथेच गाडी उलट्या दिशेस लागते. अमेरिकेतील एड मेयर यांच्या नावाने या व्यवसायात एक ठोकताळा प्रचलित आहे. यशाचे शंभर भाग कल्पिले तर चाळीस भाग यादीचे, चाळीस देकाराचे आणि बाकी सर्व गोष्टींचे, म्हणजे मजकूर, चित्र, कागद, रंग यांचे मिळून अवघे वीस. हा काही गणिताचा सिद्धान्त नव्हे; पण कशास अगोदर हात घालावा, हे तो बरोबर सांगतो. आपल्या घरच्या लग्नकार्यात आपण नेमके हेच करतो. पत्रिका छापावयास टाकण्यापूर्वी घरातील मंडळी याद्या करावयास बसतात. कोणास बोलवावयाचे हे ठरल्यावाचून कोणी छापखान्यात जात नाही. धंद्यातही तोच क्रम ठेवावा.

यादी करताना तीन वर्ग पाडावेत. पहिला वर्ग, ज्यांनी पूर्वी आपला माल विकत घेतला आहे त्यांचा. दुसरा, त्यांनी ज्यांची नावे सुचविली त्यांचा. तिसरा, सर्वस्वी अनोळखी लोकांचा. पहिल्या वर्गातील एक नाव तिसऱ्या वर्गातील अनेक नावांच्या तोलाचे असते. अनोळखी यादीतून शंभरांत एकदोन मागण्या आल्या तरी पुष्कळ धंद्यांत त्या समाधानकारक मानल्या जातात. जुन्या, संतुष्ट गिऱ्हाइकांकडून मात्र याच्या कित्येक पटींनी अपेक्षा करता येते. म्हणून आजपासूनच प्रत्येक विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, त्याने काय व केव्हा नेले, याची वही ठेवावी. ही वहीच खरे भांडवल आहे.

पत्ता पूर्ण असावा आणि पिनकोड चुकू नये. सहा अंकांची ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती सिद्ध करणारे टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ व संस्कृतचे नामांकित कवी होते, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. त्यातील पहिले तीन अंक वर्गवारीचा जिल्हा दाखवितात आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणारे टपालघर. एक अंक चुकला की भाजणीचे पत्र दिवाळीनंतर पोचते, आणि दिवाळीनंतर चकलीची भाजणी कोण मागवितो?

यादीनंतर देकार. गिऱ्हाइकाने काय द्यावे आणि त्यास काय मिळावे, याचा स्पष्ट करार म्हणजे देकार. येथे थोडा हिशेब केल्यावाचून गत्यंतर नाही. पुढील आकडे मानलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले खरे आकडे घालावेत. एका पत्रास छपाई, पाकीट व टपाल मिळून १६ रुपये पडले, तर ५०० पत्रांस ८,००० रुपये लागतात. भाजणीच्या अर्ध्या किलोच्या एका पाकिटावर सर्व खर्च वजा जाता ८० रुपये सुटतात, असे धरू. मग पत्रांचा खर्च नुसता भरून निघण्यास १०० मागण्या याव्या लागतील, म्हणजे शंभरांत वीस. अनोळखी यादीतून हे घडणे जवळजवळ अशक्य. याचा अर्थ असा की, पत्र कितीही सुंदर असले तरी हा व्यवहार बुडणार, हे ते टपालात पडण्यापूर्वीच ठरलेले आहे.

तीच भगिनी एक 'दिवाळी पेटी' योजील, जीत चकलीची भाजणी, अनारशाचे पीठ, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी एकत्र असेल, आणि त्या पेटीवर ३२० रुपये सुटतील, तर खर्च भरून निघण्यास २५ मागण्या पुरतात, म्हणजे शंभरांत पाच. अनोळखी यादीस हेही जड जाईल. पण जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीस ते आवाक्यातले आहे. मग निर्णय आपोआप होतो. यंदा पाचशे पत्रे धाडू नयेत; वहीतील दीडशे नावांस पाठवावीत, तेवढाच पैसा पणास लावावा आणि उरलेला हाताशी ठेवावा. एका पत्राचा खर्च भागिले एका मागणीवरील शिल्लक, हा एवढा भागाकार जो करील, त्यास टपालाचा धंदा सहसा बुडविणार नाही.

देकारात काळाची मर्यादा हवी, आणि ती खरी हवी. आपल्या सणांचे पंचांगच येथे उपयोगी पडते. पत्र घटस्थापनेच्या सुमारास घरी पडावे, मागणी कोजागिरीपर्यंत यावी आणि माल वसुबारसेच्या आत पोचावा. कोजागिरीनंतर मागण्या घेणार नाही असे लिहिले असेल, तर घेऊ नयेत. दरवर्षी शेवटची तारीख पुढे ढकलणाऱ्याची तारीख पुढील वर्षी कोणी मनावर घेत नाही.

आता पाकिटाच्या पाच अंगांकडे वळू : बाहेरचे पाकीट, पत्र, माहितीपत्रक, मागणीपत्रक आणि परतीचे साधन.

बाहेरच्या पाकिटाचे काम एकच : त्याने उघडावयास लावावे. लहान उद्योगास याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे हाताने, सुवाच्य अक्षरांत लिहिलेला पत्ता आणि पाठविणाऱ्याचे पूर्ण नाव. सरकारी नोटिशीसारखे दिसणारे पाकीट काढून लोकांस घाबरविणे किंवा 'आपणांस बक्षीस लागले आहे' असे छापणे, या युक्त्यांनी पाकीट उघडते. पण ज्या क्षणी ते उघडते त्याच क्षणी विश्वास मिटतो.

पत्र हे या पाकिटाचे हृदय होय. अमेरिकेत 'द वॉल स्ट्रीट जर्नल' या पत्राचे वर्गणीदार मिळविण्यासाठी मार्टिन कॉनरॉय यांनी लिहिलेले एक साधे, चित्ररहित पत्र १९७५ पासून २००३ पर्यंत सुमारे अठ्ठावीस वर्षे पाठविले जात होते. त्यात एकाच महाविद्यालयातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन तरुणांची आणि पंचवीस वर्षांनी झालेल्या त्यांच्या भेटीची गोष्ट होती. चकचकीत माहितीपत्रके येतात आणि जातात. पण एका माणसाने एका माणसास मन लावून लिहिलेले पत्र टिकते, याचा याहून मोठा दाखला देणे कठीण आहे.

पत्रलेखनाची परंपरा तर आपल्या भाषेत फारच समृद्ध आहे. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' या चार शब्दांत आदर, जिव्हाळा आणि मागणे, तिन्ही येतात. मग आपल्या विक्रीच्या पत्रांची भाषाच तेवढी परकी का व्हावी? 'आमचे येथे उत्तम प्रतीचा माल माफक दरात मिळेल' हे वाक्य कोणत्याही दुकानास लागू पडते, म्हणून ते कोणासच लागू पडत नाही. त्याऐवजी असा आरंभ करावा : 'यंदा चकल्या घरीच कराव्यात असे आपल्या मनात असेल, पण तांदूळ व डाळी धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजून, गिरणीतून दळून आणण्याइतकी सवड घरात कोणास आहे?' वाचणारी गृहिणी येथे थबकते, कारण ही तिची स्वतःची अडचण आहे. पत्रात 'आम्ही' थोडे असावे, 'आपण' पुष्कळ असावे. एका पत्रात एकच मागणे करावे. वाक्ये अशी असावीत की, मोठ्याने वाचली असता ती माणसाचे बोलणे वाटावीत. आणि ज्यास आपण 'ता. क.' म्हणतो तो ताजा कलम कधीही वाया घालवू नये. पुष्कळ लोक पत्र उघडताच खालची सही आणि ताजा कलम आधी पाहतात. म्हणून शेवटची तारीख आणि हमी या दोन गोष्टी तेथे पुन्हा सांगाव्यात.

माहितीपत्रकाचे काम शंका फेडण्याचे आहे. पत्र मन वळविते, पत्रक पुरावा देते. भाजणीत कोणती धान्ये आहेत, ती केव्हा दळली, किती दिवस टिकेल, अर्ध्या किलोत किती चकल्या होतात, हे सारे तेथे यावे. शेवटचा आकडा अंदाजाने लिहू नये. स्वतः चकल्या करून, मोजून लिहावा. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी झाले तर कडक होते, ही जाणत्या हाताची सूचना पत्रकात असली, तर गिऱ्हाईक ते पत्रक स्वयंपाकघरात जपून ठेवते. उपयोगी कागद फेकला जात नाही.

मागणीपत्रक इतके सोपे असावे की, आजीबाईंनाही ते भरता यावे. त्यावर गिऱ्हाइकाचे नाव व पत्ता आपणच लिहून ठेवावा. वस्तू, किंमत, पाठवणीचा खर्च आणि एकूण रक्कम स्पष्ट असावी. 'खर्च वेगळा' असे मोघम लिहून नंतर आकडा वाढविणे म्हणजे मिळालेले गिऱ्हाईक घालविणे. परतीच्या पाकिटावर आपला पत्ता छापलेला असावा. गिऱ्हाइकाच्या उत्तराचे टपालशुल्क आपण भरण्याचीही सोय टपालखात्याने केलेली आहे. तीत जेवढी उत्तरे परत येतात तेवढ्यांचाच आकार पडतो. शिवाय आजच्या काळात मागणीपत्रकावर यूपीआयची चौकट आणि व्हॉट्सॲपचा क्रमांक छापावा. पत्राने निमंत्रण द्यावे आणि भ्रमणध्वनीने उत्तर घ्यावे, असा हा मेळ. पण लेखी उत्तराची वाट बंद करू नये. कारण ज्येष्ठ मंडळींपैकी पुष्कळांस पैसे भ्रमणध्वनीने देणे अजून धास्तीचे वाटते.

येथे वजनाची एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवतो. साध्या पत्राच्या टपालशुल्काचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. ए-फोर आकाराचा ७० जीएसएमचा एक कागद सुमारे ४.४ ग्रॅम भरतो. पत्राचा असा एक कागद, त्याच आकाराचे १३० जीएसएमच्या चकचकीत कागदाचे ८.१ ग्रॅमचे माहितीपत्रक, अर्ध्या साध्या कागदाचे २.२ ग्रॅमचे मागणीपत्रक, अंदाजे ४ ग्रॅमचे परतीचे पाकीट आणि ५ ग्रॅमचे बाहेरचे पाकीट, ही बेरीज २३.७ होते आणि प्रत्येक पत्रास पुढच्या टप्प्याचे शुल्क पडते. माहितीपत्रक अर्ध्या आकाराचे व ९० जीएसएमच्या कागदावर केले तर तेच पाकीट १८.४ ग्रॅमांत बसते. म्हणून छपाईपूर्वी कोऱ्या कागदांचे नमुना-पाकीट बांधून सराफाच्या काट्यावर तोलून पाहावे. टपालाचे नियमही बदलत असतात. देशांतर्गत रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात सामील झाले, हे पुष्कळांस ते काउंटरवर गेल्यावरच कळले. यास्तव दर आणि नियम टपालघरात विचारूनच हिशेब मांडावा.

पाकीट गेले की काम संपले, असे समजू नये. खरे म्हणजे तेथून अभ्यास सुरू होतो. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने १९२३ साली आपल्या पुस्तकात असा आग्रह धरला की, जाहिरातीची परीक्षा मतांनी करू नये, परत आलेल्या कूपनांच्या मोजणीने करावी. आपणही मागणीपत्रकाच्या कोपऱ्यात 'अ' किंवा 'ब' अशी खूण छापून दोन प्रकारची पत्रे पाठवू शकतो. मात्र दोहोंत एकच गोष्ट वेगळी असावी, एरव्ही कशाचा परिणाम झाला ते कळत नाही. आणि शंभर पत्रांतून एका प्रकारास चार व दुसऱ्यास सहा मागण्या आल्या, तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. तेवढा फरक योगायोगानेही पडतो. आकडे वहीत नोंदवावेत, पुढील सणास पुन्हा पाहावे, दोन-तीन वर्षांत सत्य आपोआप वर येते.

यानंतरचे मुद्दे दोन, आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे.

पहिला मुद्दा सत्याचा. टपालाने विकणारा गिऱ्हाइकास दिसत नाही. त्याचा शब्द हेच त्याचे दुकान. म्हणून पत्रातील प्रत्येक विधान सिद्ध करता येईल असेच असावे. अन्नपदार्थ विकणाऱ्याने अन्नसुरक्षेची नोंदणी करून तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. मधुमेहादी रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस तर १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. तेव्हा मेथीच्या लाडवाने मधुमेह जातो, असे प्रेमाने म्हणावयाचीही सोय नाही. हमी दिली असेल तर तक्रार येताच वाद न घालता पैसे परत करावेत. एक पेटी परत आल्याने ३२० रुपयांची शिल्लक आणि आतल्या मालाची किंमत जाते. शब्द मोडल्याने सारी यादी जाते.

दुसरा मुद्दा आपल्या मंडळाशी संबंधित आहे आणि तो स्पष्ट बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. मंडळापाशी सभासदकुटुंबांची सूची आहे. तीत नावे, पत्ते, भ्रमणध्वनी, मुलामुलींची वये, शिक्षण, सारे आहे. धंदा करणाऱ्यास अशी आयती यादी दुसरीकडे मिळणार नाही. ती आपल्या उद्योगी सभासदांस द्यावी, अशी सूचना प्रत्येक संमेलनात कोणी ना कोणी करतो, आणि त्यामागील हेतू चांगलाच असतो. परंतु ज्या कुटुंबाने वधूवर-सूचनेसाठी किंवा विद्यार्थी-साहाय्यासाठी आपली माहिती दिली, त्याने ती विम्याच्या, भूखंडाच्या किंवा भाजणीच्या पत्रांसाठी दिलेली नाही. एका कामासाठी विश्वासाने दिलेली वस्तू दुसऱ्या कामास वापरणे हे आपल्या जुन्या नीतीसही मान्य नाही. शिवाय आता कायदाही तेच म्हणतो. संगणकात साठविलेल्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. माहिती ज्या हेतूने घेतली त्याच हेतूने वापरावी आणि त्यास संबंधिताची संमती असावी, हे त्याचे सूत्र आहे.

मग आपल्या भगिनीने करावे काय? आमची सूचना अशी. पुढील वर्षी सभासदत्वाच्या नूतनीकरणाच्या पत्रकात एक ओळ घालावी : 'ज्ञातीतील उद्योजकांची पत्रे आमच्या घरी आलेली आम्हांस चालतील : होय / नाही.' जे 'होय' म्हणतील त्यांचीच वेगळी सूची करावी. तीही कोणाच्या हाती देऊ नये. उद्योजकाने बंद पाकिटे मंडळाच्या कार्यालयात आणावीत आणि पत्ते तेथेच घातले जावेत. वर्षातून दोनदाच, दिवाळीपूर्वी आणि उन्हाळ्याच्या आरंभी, पाच-सहा उद्योजकांची पत्रके एकाच पाकिटातून पाठवावीत. त्यायोगे टपालखर्च वाटून जाईल आणि घरे पत्रांनी त्रासून जाणार नाहीत. ज्यास नको त्याने कळवावे आणि त्याचे नाव त्याच दिवशी गळावे. अशी सूची लहान असेल. पण तीतील प्रत्येक दार आपण होऊन उघडलेले असेल. वर मांडलेला शंभरांत पाचांचा हिशेब अशाच दारांवर जमण्याचा संभव आहे.

आपल्या ज्ञातीची संख्या मोठी नाही, भांडवल त्याहून लहान आहे. पण परस्परांचा विश्वास हे असे धन आहे की, जे मोठ्या कंपन्यांस कोट्यवधी रुपये खर्चूनही विकत घेता येत नाही. तो विश्वास खर्चावयाचा नसून वाढवावयाचा आहे, एवढे भान ठेवून ज्यांस टपालाने व्यवसाय करावयाचा असेल त्यांनी या महिन्यातच तीन गोष्टी कराव्यात : गिऱ्हाइकांची वही उघडावी, एका मागणीवर काय सुटते तो भागाकार करावा, आणि एकाच ओळखीच्या गृहिणीस डोळ्यांसमोर आणून एक पत्र लिहावे. ते पत्र घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस वाचून दाखवावे. ऐकून तिने 'मागवावी का एक पेटी?' असे विचारले, तर खुशाल छापावयास द्यावे. तिने नुसते 'छान लिहिले आहे' असे म्हटले, तर पुन्हा लिहावे.

मंडळाने संमतीच्या ओळीचा ठराव याच संमेलनात विचारार्थ घ्यावा, अशी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे.